डीला काही होत नाही

वणीत मी बारा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला, आणि त्या बारा वर्षांत शेकडो लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसवली. कामाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवा, डीला काही होत नाही. बाकी मी जे शिकवलं ते बहुतेकांच्या या कानातून आत गेलं आणि त्या कानातून बाहेर पडलं. एवढं एक मात्र राहिलं, आणि नेमकं तेच राहायला नको होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या डिस्कचे दोन भाग करायची पद्धत. एक सी, एक डी. सीमध्ये सिस्टीम, डीमध्ये आपलं सामान. सिस्टीम बिघडली की मेकॅनिक सी पुसायचा आणि नवी टाकायचा, डीला हात लावायचा नाही. त्यामुळे कॉम्प्युटर आजारी पडला की मालक पहिलं विचारायचा, डी तर ठीक आहे ना? मी तर हे वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलं होतं. दुसरे लोक तिथं सुविचार लिहितात.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि क्लास बसला. मी एका जिनिंगवाल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने असलेल्या, शेठच्या हेड ऑफिसात लागले. शेठची पाच जिनिंग, वणीपासून केळापूर, राळेगावपर्यंत पसरलेली, मिळून चाळीसेक कॉम्प्युटर, आणि त्यांच्यापुढं बसणारे अर्धेअधिक माझेच जुने विद्यार्थी. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा पासवर्ड हरवला, की फोन मला. फोनवर मी आधी दोन मिनिटं बोलून घ्यायची आणि मग उपाय सांगायची. माझं तोंड तसं आहे, आणि ते ऐकून घ्यायची सवय मी त्यांना फीमध्येच लावली होती.

मागच्या वर्षी जुन्या सिस्टीमला कंपनीनं रामराम ठोकला. नवी टाकल्याशिवाय शेठचं सॉफ्टवेअर चालणार नाही असं कळलं. चाळीस मशिनी, आणि कापूस घरात यायला महिनाही उरला नव्हता. एकेका मशिनीवर हातानं सिस्टीम टाकायची तर दिवाळी माझ्याशिवायच झाली असती. म्हणून मी ठरवलं, इमेज काढायची. म्हणजे एक मशीन सगळ्या सोयींनिशी नीट तयार करायचं, त्याला म्हणायचं मास्टर. त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून घ्यायची आणि ती बाकीच्या मशिनींवर उतरवायची. अर्ध्या तासात एक मशीन तयार. साच्यातून गणपती निघावे तसे सगळे सारखे.

मास्टर तयार झाला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. शेठ म्हणाले, पूजेशिवाय नाही चालू करायचं. मग दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या मशिनींबरोबर माझ्या मास्टरलाही हळदकुंकू लागलं, कीबोर्डवर आपट्याची पानं ठेवली गेली, आणि शेठच्या जुन्या मुनीमजींनी, आजवर नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहीत आले तसं, डेस्कटॉपवर एक फाइल उघडून ‘श्री’ टाइप केलं. मी इमेज काढली तेव्हा ती फाइल पुसायची राहून गेली. म्हणून आजही शेठच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर, अगदी वॉचमनच्या केबिनमधल्यासुद्धा, एक ‘श्री’ आहे. लोकांना वाटलं मी मुद्दाम ठेवला. मी हो म्हणून टाकलं.

आता माझ्या अकलेची गोष्ट. नव्या सिस्टीमला डिस्कची आखणीच वेगळी लागत होती. सी-डीचं जुनं वाटप तिला चालणार नव्हतं, म्हणून मी इमेज काढली ती अख्ख्या डिस्कची. इमेज उतरताना खाली काय आहे ते विचारत नाही. सी, डी, सगळं पुसून स्वतःची आखणी करते. हे मला माहीत होतं. मीच ठरवलं होतं. आणि तरी इमेज उतरवायच्या आधी सगळ्या ऑपरेटरांना ग्रुपवर जो मेसेज टाकायचा होता, त्यात माझ्या बोटांनी लिहिलं: ‘रविवारी नवीन सिस्टीम टाकणार आहे. कामाचं सगळं डीमध्ये हलवून ठेवा.’ बारा वर्षं तेच लिहीत आले, तर बोटं दुसरं काय लिहिणार? ज्या मशीनवर मी आधी चाचणी घेतली ते माझं स्वतःचं होतं आणि त्यात डी नव्हताच. सुताराच्या घरी मोडकी खाट.

दोन रविवारांत आणि मधल्या आठवड्यात, ऑपरेटरांना सुटी देऊन, पाचही जिनिंग उरकली. शेठ इतके खूश झाले की सोमवारी ऑफिसात सगळ्यांसमोर मला शाल आणि नारळ दिला. फोटो काढला. फोटोत मी हसते आहे, आणि माझा फोन टेबलावर थरथरतो आहे.

त्या दिवसापासून एकामागून एक कळत गेलं. केळापूरच्या कॅशियरचा लग्नाचा अल्बम गेला. कापसाची प्रत ठरवणाऱ्या एका ग्रेडरची चार हजार गाणी गेली. एकाचं स्पर्धा परीक्षेचं सगळं साहित्य गेलं, तो म्हणाला, बरं झालं मॅडम, आता घरचे विचारणार नाहीत. आणि गंमत अशी, की क्लासमध्ये ज्यांनी माझं कधी ऐकलं नाही, ज्यांच्या नावानं मी कपाळ बडवलं, त्यांचं काहीच गेलं नाही. त्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून त्यांनी सगळं पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं होतं. ज्यांनी ऐकलं तेवढेच बुडाले.

मी सगळ्यांची माफी मागितली, म्हणजे मला जमते तशी. गाणी पुन्हा मिळतात, अल्बम फोटोवाल्याकडे असतो, रडू नका. आठवडाभरात ओरड थांबली, शेठपर्यंत गेलीही नाही, आणि मला वाटलं, चला, थोडक्यात सुटले.

राळेगावच्या काटेवाल्याचा फोन मात्र आलाच नव्हता.

हा माणूस राळेगावच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचा. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन घेऊन पावती द्यायची, हे त्याचं काम. जवळच्याच एका बंजारा तांड्यावरचा. चाळिशीत वणीला राहून माझ्या क्लासला आला होता, पोरासोरांच्या बाकावर बसून, वही घेऊन. मी जे बोलेन ते लिहून घ्यायचा, मी खोकले तर तेही लिहील अशी मला धास्ती वाटायची. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला मॅडम. क्लासमध्ये असा एक तरी विद्यार्थी असतो, ज्याच्यामुळे मास्तराला आपण देव आहोत असं वाटायला लागतं.

त्याच्यावर एक बालंट आलेलं होतं, ते मला अर्धवटच माहीत होतं. आदल्या सीझनला तांड्यावरच्या एका म्हातारीनं आपली गाडी राळेगावच्या काट्यावर मोजली, आणि संशय आला म्हणून पुढच्या वेळी आधी रस्त्यावरच्या दुसऱ्या काट्यावर मोजून आणली. फरक निघाला. मग बाकीच्यांनीही तसंच केलं, त्यांचाही निघाला. तांडा पेटला. काट्यावर आपलाच माणूस, आणि तोच आपला काटा मारतो. मॅनेजरनं हात वर केले, म्हणाला काट्यावर मी बसत नाही, जो बसतो त्याला विचारा. शेठनं सांगितलं, नवीन सीझन लागायच्या आधी बैठक घेऊ. तोवर उन्हाळाभर आणि पावसाळाभर हा माणूस तांड्यावर मान खाली घालून राहिला. त्याची मुलगी तांड्यावरच्या विहिरीवर गेली तर बायका बोलणं बंद करायच्या. हे मला त्यानं नाही, दुसऱ्यांनी सांगितलं. तो निश्चिंत होता, कारण त्याच्याजवळ पुरावा होता.

त्याची एक रीत होती. रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आधी जिनिंगचा पाण्याचा टँकर, रिकामा, काट्यावर चढवायचा. टँकरचं वजन तेच. मग काट्यानं रोज आकडाही तोच दाखवायला हवा. तो पडद्यावरच्या आकड्याचा तारखेसकट फोटो काढायचा. कोणी सांगितलं नव्हतं, मनानंच. त्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला, काट्याच्या लोखंडी पाटाखाली चिखल जाऊन बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून टँकरचं वजन कमी यायला लागलं. त्यानं मॅनेजरला जाऊन सांगितलं. मॅनेजर म्हणाला, पाहू. पाहू म्हणता म्हणता सीझन संपला, उन्हाळ्यात पाट उचलून सफाई झाली, काटा सरळ झाला, आणि मॅनेजर म्हणायला लागला की मला कोणी काही सांगितलंच नाही. टँकरची पावती फाडत नाहीत, म्हणून ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद नव्हती. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, गाडी रोज चढवत होतो, आकडा कोण पाहते. पण फोटो होते. रोजचे, ओळीनं. फोनमध्ये जागा कमी, म्हणून दर महिन्याला तो ते काढून कॉम्प्युटरवर ठेवायचा. कुठं ठेवायचा ते सांगायला नको.

बैठकीला शेठनं मला मुद्दाम नेलं. काटेवाला नवीन सिस्टीमवर काही उघडायचं म्हणतो, मॅडम असलेल्या बऱ्या, असं त्यांचं म्हणणं. मी आपली गाडीत मागं बसून राळेगावला गेले. काटेवाल्याच्या कॉम्प्युटरभोवती शेठ, मॅनेजर, तांड्यावरची चार माणसं, ती म्हातारी आणि तो. सगळ्यांनी आपापलं बोलून झाल्यावर तो उभा राहिला. नवा शर्ट घातला होता, घड्या दिसत होत्या.

“मॅडम,” तो म्हणाला, “डी उघडा.”

तोवर मला फोटोंचं काही माहीत नव्हतं. त्यानं तिथं उभं राहून टँकर, पाऊस, चिखल सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तो माझ्याकडे पाहत होता, विद्यार्थी पाठ म्हणून दाखवताना पाहतो तसा. तो बैठकीच्या दिवसासाठी थांबला होता. त्यानं आठवडाभरात डी उघडून पाहिलाही नव्हता, कारण पाहायचं काय, डीला काही होत नाही. मी माउस धरला आणि उघडलं. सी होता. डी नव्हता. ‘श्री’ होता.

मॅनेजर म्हणाला, घ्या, यानंच उडवले, होतेच कुठं. आणि खरं सांगते, पहिले काही क्षण मी गप्प बसले. तिथं कोणालाच इमेज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. व्हायरस म्हटलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. मला माझी लाज वाटते ती त्या क्षणांची, चुकीची नंतर. मग मी बोलले. म्हटलं, यानं नाही, मी उडवले. मेसेज माझा, इमेज माझी, चूक माझी. परत आणायचा काही उपाय? तोही नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीच शेठच्या मागं लागून वेगवान डिस्का बसवून घेतल्या होत्या, आणि त्यांच्यावरून पुसलेलं परत मिळत नाही.

मला वाटलं, आता शेठ भडकतील, शाल परत मागतील. मॅनेजर हसला. तोही माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा.

“मॅडम, तुमीच तं शिकवलं आमाले, डीले काही होत नाही. मंग याच्याच डीले कसं झालं?”

मी म्हटलं, सगळ्यांच्याच डीला झालं. तो म्हणाला, माह्यं तं काही गेलं नाही. आणि शेठनं अत्यंत प्रेमानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, मॅडमचं मन मोठं आहे, विद्यार्थ्यासाठी अंगावर घेऊन राह्यल्या. मी चार वेळा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जितका आवाज चढला तितकं माझं मन मोठं होत गेलं. आयुष्यभर मी चूक कबूल केली नव्हती, आणि पहिल्यांदा केली तर कोणी घेईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, माझं तर कोणी हात पाहायलाच तयार नव्हतं. काटेवाल्याला काट्यावरून उठवून गोदामात टाकलं. तांड्याची माणसं उठून गेली. तो मला एवढंच म्हणाला की चहा घेऊन जा मॅडम.

तो चहा मी तसाच ठेवून निघाले. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर ओरडले, कुकरवरसुद्धा. तिसऱ्या दिवशी एसटीत बसले, वडकीला गाडी बदलली आणि राळेगावहून ऑटो करून तांड्यावर गेले. ऑफिसात नाही जमलं, तर तिथं. ज्यांच्यासमोर त्याचं नाव गेलं त्यांच्यासमोर सांगायचं, मग मानोत की न मानोत.

तांड्याचा नाईक म्हणजे तिथला प्रमुख, म्हातारा, शांत माणूस. त्यानं अंगणात लिंबाखाली खाट टाकली, माणसं बोलावली. काटेवाल्यालाही बोलावलं. ती म्हातारीही आली, नात्यानं त्याची काकू लागत होती. मी इमेज समजावून सांगितली. बारा वर्षं शिकवलं त्यात एवढं सोपं करून मी कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, एका शेतात नवं पीक घ्यायचं म्हणून मी अख्खं वावर नांगरलं, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, एक कोपराही न सोडता, आणि याला मीच सांगितलं होतं की तुझं सामान त्या कोपऱ्यात ठेव. नाईकानं मान हलवली. त्याला समजलं होतं. शेठला न समजलेलं.

मग त्यानं विचारलं, “बाई, ते फोटो तुमी पाह्यले होते काय? वजन कमी येत होतं, हे तुमी डोयानं पाह्यलं?”

मी नव्हते पाहिले. पण मला समोर तो दिसत होता, खाली मातीत बसलेला, आणि विहिरीवरून येणारी त्याची मुलगी दिसत होती. माझ्या एका शब्दानं हे मिटत होतं. मी म्हटलं, हो, पाहिले होते.

“नाही,” तो म्हणाला. मान वर न करता. “मॅडमनं पाह्यले नाही. मी कोनालेच दाखवले नव्हते.”

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. वाटलं, अरे बाबा, देवानं दिलेला नारळ का फोडतोस स्वतःच्याच डोक्यावर. मी तोंड उघडणारच होते, पण त्याआधी ती म्हातारी उठली. जिनं पहिली तक्रार केली होती तीच. आधी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आपल्या माणसांना काहीतरी बोलली, मला कळलं नाही, पण दोघातिघांनी माना खाली घातल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आपल्या फायद्याचं खोटं ज्याले सहन नाही झालं, त्यानं आपला काटा मारला असन काय? आमीच आंधये झालतो.”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. नाईकानं शेठला निरोप पाठवला की काट्यावर हा बसला तरच तांड्याचा कापूस राळेगावला येईल, नाहीतर दुसरीकडे जाईल. शेठना फोटोपेक्षा हे लवकर समजलं. आठ दिवसांत तो काट्यावर परत आला. माझी चूक शेठनं अजून मान्य केलेली नाही. शाल कपाटात आहे.

त्या दिवशी मात्र तो मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. ऑटो यायचा होता. दोन्ही बाजूंना कापूस नुकता फुटायला लागला होता. माझ्या मनातून राग जात नव्हता, आणि मी राग पोटात ठेवणाऱ्यांतली नाही. म्हटलं, भाऊ, मी तुम्हाला वाचवत होते, तुम्ही मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. म्हातारी उठली नसती तर काय केलं असतं?

त्यानं रस्त्यावर वाकून ऑटो येतो का ते पाहिलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “फोटो उडवले तवा तुमाले माहीत नव्हतं. ते चुकून झालं. हे तं तुमी माहीत असून करून राह्यल्या होत्या.”

ऑटो येईपर्यंत मी रस्त्याकडे पाहत उभी राहिले.